कर्नलच्या वहीतली आडनावं

परवा पंचवटीत बहिणीकडे गेलो, तर भाची जुना लॅपटॉप घेऊनच बसलेली. कॉलेजच्या अभ्यासासाठी तिला त्यावर लिनक्स टाकायचं होतं. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू झाला, भाषा विचारून झाली आणि डिस्क निवडायच्या पानावर दिसला फक्त तो पेन ड्राइव्ह. “मामा, डिस्क गेली का?” डिस्क ठणठणीत होती. विंडोज रोज तिच्यावरूनच सुरू होत होतं.

त्यांच्या घराजवळच रामकुंड. तिथे बाहेरगावचं कुणी विधीला आलं की उपाध्ये आधी गाव आणि आडनाव विचारतात, मग वही काढून थेट पणजोबांच्या नोंदीपर्यंत पोचतात. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, संगणक सुरू होताना हेच करतो. पीसीआय या संगणकातल्या जोडणीवरचं प्रत्येक उपकरण त्याला कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक सांगतं. इंटेलचा क्रमांक ८०८६, तिच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचंच नाव. एएमडीचा १०२२. शिवाय उपकरणाचा वर्गही कळतो: ०१ म्हणजे साठवण.

साटा या जोडणीच्या डिस्कशी बोलण्याची एएचसीआय नावाची ठरलेली पद्धत आहे. सगळ्या कंपन्यांनी ती तंतोतंत पाळली असती, तर ‘या वर्गातलं कोणतंही उपकरण चालेल’ एवढी एक ओळ ड्रायव्हरला, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामला, पुरली असती. लिनक्समध्ये ती ओळ आहे, पण यादीच्या शेवटाकडे. तिच्या आधी कंपनीवार नोंदींची लांबलचक रांग लागते.

त्यातली माझी आवडती नोंद एसबी६०० या चिपची. आपण ६४ बिटी पत्ते हाताळतो, म्हणजे ४ जीबीच्या पलीकडच्या मेमरीतही थेट माहिती ठेवू शकतो, असं ही चिप सांगते. काही मदरबोर्डांवर जुन्या बायॉससोबत, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामसोबत, ते खरं ठरत नाही. म्हणून कर्नल तिला ३२ बिटांतच, म्हणजे ४ जीबीच्या आतच, ठेवतो. मात्र असूसच्या एम२ए-व्हीएम बोर्डावर तो बायॉसची तारीख तपासतो. २६ ऑक्टोबर २००७ किंवा त्यानंतरची असेल, तरच ६४ बिटांची मुभा देतो. कुणीतरी बसून कोणता बायॉस बिघडलेला आणि कोणता सुधारलेला हे पारखलं आणि लिहून ठेवलं. असल्या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

भाचीच्या लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी होती. त्याच्या बायॉसमध्ये साठवणीचा मोड ‘रेड’, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरायचा, होता. इंटेलच्या काही चिपसेटवर या मोडमध्ये एनव्हीएमई या वेगवान प्रकारची डिस्क (एसएसडी) स्वतःच्या नावाने समोर येतच नाही, ती साटा कंट्रोलरच्या आड झाकली जाते. टर्मिनलमध्ये कर्नलच्या नोंदी उघडल्या, तर त्याने सगळं ओळखून ठेवलं होतं: एक झाकलेलं एनव्हीएमई उपकरण सापडलं आहे, वापरायचं असेल तर बायॉस रेडवरून एएचसीआयवर न्या.

इथे घाई नको. सेटिंग थेट बदललं तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकतं, कारण तेही सुरू होताना जुन्याच ड्रायव्हरची वाट पाहतं. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर रिकव्हरी की आधी हाताशी हवी. आम्ही पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायचं असं विंडोजला सांगितलं, रीस्टार्ट करतानाच बायॉसमध्ये शिरून एएचसीआय निवडलं. विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं, नवा ड्रायव्हर लागला, मग सेफ मोड काढून टाकला.

पेन ड्राइव्ह पुन्हा लावला. त्या पानावर आता दोन नावं होती.