मेडॉक किनाऱ्यावरचा सायकल मार्ग (फ्रान्स)

मेडॉक म्हटलं की आपल्याकडे ज्याला माहीत असतं त्याला फक्त वाइन माहीत असते. पण ती द्राक्षं खाडीच्या बाजूला. बोर्दो शहराच्या उत्तरेला जमिनीचा एक लांबट त्रिकोण आहे, पूर्वेला जिरोंदची खाडी आणि पश्चिमेला अटलांटिक, आणि या पश्चिमेच्या अंगाला वाळूचे डोंगर, त्यांच्या मागे पाइनचं जंगल, जंगलात गोड्या पाण्याची मोठमोठी तळी आणि या सगळ्यातून उत्तर-दक्षिण जाणारा सायकलचा रस्ता. खाडीच्या तोंडावरच्या प्वांत द ग्राव्ह या टोकापासून खाली कॅप फेरेपर्यंत साधारण सव्वाशे किलोमीटर. बराचसा भाग गाड्यांपासून पूर्ण वेगळा आहे, गाडी दिसते ती गावात शिरलं की. रॉस्कॉफपासून स्पेनच्या सीमेवरच्या आंदायपर्यंत जाणारा वेलोडिसे नावाचा बाराशे किलोमीटरपेक्षा लांब मार्ग आहे, हा त्याचाच एक तुकडा.

जंगल जुनं वाटतं पण ते माणसांनी लावलेलं आहे. वाळू सरकत सरकत आत यायची आणि गावं गिळायची, म्हणून मुख्यतः 19व्या शतकात इथे पाइनची लागवड झाली. उत्तर टोकाजवळच्या सुलाक गावातलं बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, तर वाळूखाली गाडलं गेलं होतं, ते त्याच शतकात उकरून काढलं. समुद्र अजूनही थांबलेला नाही. सुलाकलाच समुद्रकाठी 1967 साली बांधलेली ल सिन्याल नावाची चार मजली इमारत होती, बांधली तेव्हा समुद्र चांगला लांब होता, किनारा खचत खचत पार पायाशी आला, आणि शेवटी 2023 मध्ये ती पाडावी लागली.

आता युद्धाचं. 1940 मध्ये जर्मन इथे आले आणि पुढच्या चार वर्षांत हा सगळा किनारा त्यांच्या अटलांटिक भिंतीचा भाग झाला. भिंत म्हणजे सलग भिंत नव्हे, काँक्रीटचे बंकर, तोफांचे चौथरे, सुरुंग आणि काटेरी तारा यांची साखळी. बंकरला इथले लोक ब्लॉकहाउस म्हणतात. जंगलातून, वाळूतून एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जायला जर्मनांनी काँक्रीटच्या अरुंद पट्ट्या टाकल्या, आणि गंमत म्हणा किंवा काहीही म्हणा, त्यातल्या काही पट्ट्यांवरूनच आज लोक पोराबाळांना घेऊन सायकली चालवतात. मार्गाच्या साधारण मध्यावरच्या लाकानो या समुद्रकाठच्या गावाच्या आसपास असे जुने तुकडे आहेत, अरुंद, वाळूच्या टेकड्यांच्या अंगाने वरखाली होणारे, समोरून कोणी आलं की दोघांनाही जपून जावं लागतं. नवीन डांबरी भाग सपाट आणि रुंद आहेत पण मजा जुन्या भागात जास्त आहे, हे माझं मत.

लाकानोबद्दल मराठी वाचकाला सहसा कोणी सांगत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. या किनाऱ्यावर पहारा द्यायला काही काळ हिंदी शिपाई होते. उत्तर आफ्रिकेच्या लढाईत ब्रिटिश सैन्यातले जे हिंदी जवान जर्मन-इटालियनांच्या कैदेत सापडले त्यांच्यातून सुभाषबाबूंनी जर्मनीत आझाद हिंद लीजन उभी केली, जर्मन सैन्याच्या कागदावर ती 950 नंबरची पायदळ रेजिमेंट, संख्या अडीच हजारांच्या वर. बिल्ल्यावर झेप घेणारा वाघ. आधी हॉलंडच्या किनाऱ्यावर आणि मग 1943 च्या शरद ऋतूच्या सुमारास इकडे लाकानोला. तोपर्यंत नेताजी युरोपात नव्हतेच, फेब्रुवारी 1943 मध्येच ते जर्मनीतल्या कील बंदरातून पाणबुडीने पूर्वेकडे निघून गेले होते. म्हणजे ज्यांच्या नावावर शपथ घेतली ते आशियात आणि हे लोक पाइनच्या जंगलात, इंग्रज किंवा अमेरिकन कधी उतरतात याची वाट बघत. फेब्रुवारी 1944 मध्ये जर्मन फील्ड मार्शल रोमेल किनाऱ्याची पाहणी करायला आला तेव्हा त्याने या हिंदी तुकडीचीही पाहणी केली, त्याचे फोटो आजही नेटवर फिरतात आणि त्याखाली हमखास भांडणं होतात.

दोस्त सैन्य इथे उतरलंच नाही, ते उतरलं नॉर्मंडीत. ऑगस्ट 1944 मध्ये लीजन लाकानो सोडून जर्मनीकडे निघाली, त्याच महिन्यात ती कागदोपत्री वाफेन एसएसकडे, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलाकडे, वर्ग झाली, वाटेत फ्रेंच बंडखोरांशी चकमकी झाल्या. काही शिपायांवर लुटालुटीचे आणि बायकांवर अत्याचाराचे आरोप झाले, फ्रान्सच्या त्या भागात ती आठवण चांगली नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही. युद्ध संपताना स्वित्झर्लंडकडे जायचा प्रयत्न फसला आणि ते अमेरिकन व फ्रेंच सैन्याच्या हाती सापडले. आपल्याकडे आझाद हिंद सेना म्हणजे इंफाळ, रंगून, लाल किल्ला एवढंच येतं डोळ्यासमोर, हा युरोपातला अध्याय कुठे तरी तळटीपेत जातो.

उत्तरेकडे जावं तसं युद्ध जास्त दिसायला लागतं. सुलाकजवळ आर्रोस नावाची तोफखान्याची जागा आहे, वाळूत अर्धे बुडालेले बंकर स्थानिक स्वयंसेवकांनी साफ करून बघण्यासारखे केलेत. खाडीचं तोंड जर्मनांनी शेवटपर्यंत सोडलं नाही कारण ते हातात असेपर्यंत बोर्दोचं बंदर कोणालाही वापरता येत नव्हतं. पॅरिस ऑगस्ट 1944 ला मुक्त झालं पण इथे, आणि समोरच्या काठावर रुवायांला, जर्मन आणखी आठ महिने बसून होते. 5 जानेवारी 1945 ला ब्रिटिश विमानांनी रुवायां जवळजवळ सपाट केलं, मेले त्यात शेकडो फ्रेंच नागरिक होते आणि सैनिकी फायदा नगण्य, म्हणून आजही तो विषय निघाला की तिथे आवाज चढतो. एप्रिलमध्ये शेवटचा हल्ला झाला आणि 20 एप्रिलला प्वांत द ग्राव्ह पडलं, म्हणजे युरोपातलं युद्ध संपायला तीन आठवडेसुद्धा उरले नव्हते. याच टोकावर पहिल्या महायुद्धात मदतीला आलेल्या अमेरिकनांच्या आठवणीत उभारलेला प्रचंड मनोरा होता, 1938 ला उद्घाटन, 1942 ला जर्मनांनी सुरुंगाने उडवला. चार वर्षं आयुष्य.

ऑपरेशन फ्रँक्टन, म्हणजे बोर्दो बंदरातल्या जहाजांवरचा ब्रिटिशांचा छुपा छापा, हेही याच पाण्यातलं. 7 डिसेंबर 1942 च्या रात्री ट्यूना नावाच्या ब्रिटिश पाणबुडीने किनाऱ्यापासून दूर पाच होड्या सोडल्या, प्रत्येकीत दोन माणसं, घडीच्या कॅनव्हासच्या होड्या. रात्री वल्हवायचं, दिवसा काठावरच्या गवतात लपायचं, असं करत खाडीतून बोर्दो गाठायचं आणि जहाजांच्या बुडाला चुंबकी सुरुंग लावायचे. दोनच होड्या पोचल्या, सुरुंग फुटले, जहाजांचं नुकसान झालं. दहांपैकी दोघे थंडीने आणि पाण्यात गेले, सहा जणांना पकडून जर्मनांनी गोळ्या घातल्या, आणि मेजर हॅसलर व बिल स्पार्क्स हे दोघेच फ्रान्स-स्पेनमधून पायी आणि लपतछपत परत पोचले. सायकलवाल्याला हे नीट समजून घ्यायचं तर एक दिवस समुद्राची बाजू सोडून खाडीच्या काठच्या गावरस्त्यांवरून जावं. तिथे वेगळा सायकल ट्रॅक सगळीकडे नाही, पण रहदारी इतकी कमी की फरक पडत नाही. सपाट कुरणं, कालवे, कोळ्यांच्या खांबांवरच्या झोपड्या, आणि ओहोटीला मैलभर पसरलेला चिखल, थोडी आपल्या कोकणातल्या खाड्यांची आठवण होते, फक्त माडांच्या जागी काहीच नाही.

बंकरांची सध्याची अवस्था बघण्यासारखी आहे. बांधताना ते वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर होते, टेकडी खचली आणि ते घसरून खाली बीचवर आले, काही तर भरतीला पाण्याखाली जातात. कॅप फेरेकडे हे सगळ्यात ठळक दिसतं, वरती रंगीत ग्राफिटी आणि खाली शिंपले. वर चढू नये, लोखंडी सळया बाहेर आलेल्या असतात आणि काँक्रीट शेवाळाने निसरडं असतं.

जायचंच असेल तर मे, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रान्स अख्खा सुट्टीवर असतो आणि लाकानोला सर्फिंगवाल्यांची जत्रा, शांत रस्ता हे वर्णन तेव्हा खोटं ठरतं. शिवाय उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की प्रशासन जंगलातले रस्ते बंद करतं, 2022 च्या जुलैमध्ये बोर्दोच्या दक्षिणेला मोठे वणवे लागले तेव्हापासून लोक हे फार गांभीर्याने घेतात. चढ मोठे नाहीत पण वाळूच्या टेकड्यांमुळे सारखं छोटं छोटं वरखाली होत राहतं, पाइनच्या मुळांनी डांबर उचललेलं असतं, सुया पडून वळणावर चाक घसरतं, त्यामुळे अगदी बारीक टायरची रेसिंग सायकल नेऊ नये, जरा जाड टायर बरे. पाणी भरून घ्यावं, दोन गावांमध्ये कधी कधी वीसएक किलोमीटर जंगलाशिवाय काही नाही.

बोर्दोहून सुलाक आणि ल व्हर्दोंपर्यंत लोकल ट्रेन जाते, तीत सायकल नेता येते, रुवायांहून आलात तर फेरी बोट अर्ध्या तासाच्या आत खाडी ओलांडते. थेट मध्यभागी शिरायचं तर बोर्दो ते लाकानो जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सायकल ट्रॅक आहे, सरळसोट, थोडा कंटाळवाणा. दक्षिणेच्या टोकाला कॅप फेरेच्या धक्क्यावरून आर्काशोंला बोट मिळते, सायकलचं तिकीट वेगळं पडतं, आणि आर्काशोंहून बोर्दोला परतायला दिवसभर गाड्या असतात.