तेरवीपर्यंत थांबू नका: मृत्यूची नोंद आणि नंतरची कागदपत्रं

घरातलं माणूस गेलं की नागपुरात हमखास कानावर येतं, "कागदांचं तेरवीनंतर पाहू." त्या दिवसांत दुसरं काही सुचतही नाही. पण मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, म्हणजे तेरवीनंतर जेमतेम आठवडा उरतो. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं, त्यापुढे वर्षभर लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

मृत्यू दवाखान्यात झाला तर महापालिकेला दवाखानाच कळवतो. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाने किंवा जवळच्या नातेवाइकाने कळवायचं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र (नमुना 4-अ) घ्या. अंबाझरी, मोक्षधाम, गंगाबाई घाट, जिथे अंत्यसंस्कार झाले तिथली पावती जपा. सोबत मृताचं आणि अर्जदाराचं आधार घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयात जा.

फॉर्मवरचं नाव मात्र आधार आणि पासबुक समोर ठेवूनच लिहा. माझे मोठे बाबा गेले तेव्हा मी 'वसंतराव' लिहून दिलं. सगळे त्यांना तसंच म्हणत. बँकेत होतं नुसतं 'वसंत'. त्या 'राव'पायी मोठ्या आईला गुडघे धरत तीनदा जिने चढावे लागले. शक्यतो घरातल्या शांत डोक्याच्या माणसाकडे हे काम द्या.

मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच मूळ प्रती घ्या. बँकेत नॉमिनी असेल तर दाव्याचा अर्ज, दाखला, पासबुक आणि नॉमिनीचं ओळखपत्र पुरतं. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी पैसे स्वीकारतो. हे भावंडांत आधीच बोलून घ्या. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल तर बँक सहसा दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागते. गेलेल्या माणसाच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नका, अगदी घाटाच्या खर्चासाठीही नाही. ते पेन्शनर असतील तर बँकेला लगेच कळवा. नंतर जमा झालेली पेन्शन परत घेतली जाते.

गावाकडे शेती असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत अर्ज द्या. शहरातल्या जागेचं मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयात बदलतं, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजचा प्लॉट असेल तर नासुप्रमध्येही नाव चढवावं लागतं. घरटॅक्स, वीजबिल, रेशनकार्ड त्यानंतर केलं तरी चालतं.