सतराव्या गुणसूत्रावरची जादा प्रत

आनुवंशिक आजार म्हटलं की जनुकात बिघाड असणार, असं आपण धरूनच चालतो. शार्को-मारी-टूथ या चेतातंतूंच्या आजाराचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो, त्यात मात्र जनुक अक्षरन् अक्षर शाबूत असतं. फक्त दोनाऐवजी त्याच्या तीन प्रती असतात.

१८८६ साली शार्को, मारी आणि टूथ या तीन डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं. सुरुवात पायांपासून होते. तळव्याची कमान उंचावते, बोटं आकसतात, पाऊल पुढून लोंबतं आणि चालताना सारखी ठेच लागते. हातांची ताकद पुढे हळूहळू जाते. कारण असं, की चेतातंतूंभोवती श्वॉन पेशींनी गुंडाळलेलं मायलिनचं आवरण नीट टिकत नाही. निरोगी हातात संदेश सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा त्याहून वेगाने धावतो. या रुग्णांमध्ये तो ३८ मीटरच्या खाली घसरतो.

त्या आवरणात पीएमपी-२२ नावाचं प्रथिन असतं. त्याचं जनुक सतराव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर, डीएनएच्या सुमारे १५ लाख अक्षरांच्या एका पट्ट्यात आहे. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना जवळजवळ हुबेहूब असे, प्रत्येकी सुमारे २४ हजार अक्षरांचे तुकडे आहेत आणि खरी गफलत तिथेच होते. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी शेजारी येऊन आपापसांत तुकडे बदलते. अशा वेळी एकाचा डावा तुकडा दुसऱ्याच्या उजव्याला आपला जोडीदार समजतो. अदलाबदल होते ती तिरकी. एका गुणसूत्रावर तो पट्टा दोनदा येतो, दुसऱ्यावरून पार नाहीसा होतो.

पट्टा दोनदा असलेलं गुणसूत्र ज्याच्या वाट्याला येतं, त्याला हा आजार होतो. आणि नाहीसा झालेलं? मला सर्वांत थक्क करतं ते हेच. त्या व्यक्तीला वेगळाच आजार जडतो: कोपर टेकून बसलं किंवा पायावर पाय टाकला, तरी तेवढ्या दाबाने हात किंवा पाऊल काही दिवस, कधी काही आठवडे लुळं पडतं. प्रथिन जास्त झालं तरी आवरण बिघडतं, कमी पडलं तरी बिघडतं. दोन्ही आजारांत प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

ही जादा प्रत १९९१ मध्ये सापडली, ह्यूस्टनचे जनुकशास्त्रज्ञ जेम्स लपस्की यांच्या गटाला आणि बेल्जियममधल्या एका गटाला. नुसती अक्षरं वाचली असती तर ती निसटली असती, कारण अक्षरं बरोबरच होती. मोजायला हव्या होत्या प्रती. म्हणून आजही अशा रुग्णाच्या तपासणीत बहुधा आधी प्रतींची संख्या पाहतात.

लपस्की यांना स्वतःलाच शार्को-मारी-टूथ आहे, पण त्यांच्याकडे ही जादा प्रत नव्हती. २०१० मध्ये त्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा कारण पाचव्या गुणसूत्रावर मिळालं. एकाच जनुकात दोन बिघाड होते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला.