संप-मतदान

संपावर जायचे की नाही याचा कौल कामगारांकडून गुप्तपणे घेण्याची पद्धत. रेल्वेत तिला सर्रास ‘स्ट्राइक बॅलट’ म्हणतात. खानदेशात भुसावळचा रेल्वे विभाग, भुसावळ-वरणगावचे आयुध कारखाने आणि जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहती इथे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

गेट मीटिंगला, म्हणजे कारखान्याच्या दारातल्या सभेला, हात वर करून दिलेला होकार म्हणजे संप-मतदान नव्हे. गावे लहान, ओळखी घरोघरच्या. हात वर न करणारा सोबत्यांच्या नजरेत भरतो, वर करणारा मालकाच्या. घडी घालून पेटीत टाकलेल्या चिठ्ठीला मात्र नाव नसते. पगार बुडणार तो कामगाराचा, त्यामुळे त्याला न भिता ‘नाही’ म्हणता आलेच पाहिजे.

राज्याच्या कायद्यात संपाआधी मतदानाची अट १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्याने आली. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सहा महिने किमान ३० टक्के सभासद टिकवणाऱ्या संघटनेला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळू शकते. अशी मान्यताप्राप्त संघटना असेल, तर संपाची नोटीस देण्याआधी तिच्या सभासदांच्या बहुमताचा कौल हवा. त्याशिवाय केलेला संप बेकायदा. इथे एक बारीक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कायद्याचे शब्द ‘सभासदांचे बहुमत’ असे आहेत. सभासद ६०० असतील, ४०० जणांनी मत दिले आणि २५० ‘होय’ निघाले, तरी आकडा अपुरा, ३०१ लागतात. क्रमही ठरलेला : आधी मतदान, मग नोटीस, मग १४ दिवसांची वाट. कामगार न्यायालयाने संप बेकायदा ठरवल्यावर ४८ तासांत तो मागे घेतला, तर तो बेकायदा धरला जात नाही. बेकायदा संपाला चिथावणी देणाऱ्या संघटनेची मान्यताही जाऊ शकते.

असे मतदान घ्यायला बाहेरच्या कुणाची परवानगी या कायद्यात लागत नाही. ऑस्ट्रेलियात ती लागते. तिथे २००९ च्या फेअर वर्क कायद्यानुसार संघटनेला आधी फेअर वर्क आयोगाकडे अर्ज करून मतदानाचा आदेश मिळवावा लागतो. यादीतल्या निम्म्या कामगारांनी तरी मत द्यावे आणि वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक बाजूने पडावीत, तेव्हाच आंदोलनाला कायद्याचे संरक्षण मिळते.

रेल्वे आणि आयुध कारखाने केंद्राच्या अखत्यारीत असल्याने १९७१ चा कायदा त्यांना लागू नाही. तरीही तिथल्या संघटना मतदान घेतात. जुन्या पेन्शनसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये देशभर रेल्वे कामगारांचे मतदान झाले. रेल्वेत हे काम सोपे नसते : लोको पायलट गाडीवर असतो, ट्रॅकमन रुळावर, शेडमध्ये पाळ्या बदलत असतात. (डिसेंबर २०२४ मधले रेल्वेतले मतदान वेगळे, ते कोणत्या संघटनेला मान्यता द्यायची यासाठी होते.)

आयुध कारखान्यांची कंपनी करण्याविरुद्ध तीन महासंघांनी जून २०२० मध्ये देशभर कौल घेतला. तो जवळपास एकमुखाने संपाच्या बाजूने पडला. त्या वर्षी समेटाच्या बोलणीत संप पुढे ढकलला गेला. ३० जून २०२१ रोजी संरक्षण उत्पादनातल्या संपांवर बंदी घालता येईल असा वटहुकूम निघाला, ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबरपासून भुसावळचा कारखाना यंत्र इंडिया या, तर वरणगावचा म्युनिशन्स इंडिया या नव्या सरकारी कंपनीत गेला. इतका स्पष्ट कौल हाती असून तो वापरता आला नाही, ही इथल्या कामगार चळवळीतली मोठी खंत आहे.

दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने २००२ मध्ये संपाआधी मतदान आणि ५१ टक्के पाठिंब्याची शिफारस केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत १४ दिवसांच्या नोटिशीचे बंधन सर्व औद्योगिक आस्थापनांना आहे आणि निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संपच धरली जाते. मतदानाची अट मात्र तिच्यात नाही.