तारकाकृती मंदिर आणि संगणक

‘जुन्या मंदिरांचे आराखडे आजच्या संगणकालाही काढता येत नाहीत,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. भिंतींचे ते असंख्य कोपरे पाहिले की कुणालाही तसं वाटावं.

कर्नाटकातलं सोमनाथपूरचं केशव मंदिर घ्या. होयसळ काळातलं, १३व्या शतकातलं. त्याच्या तिन्ही गाभाऱ्यांचा बाहेरचा आकार १६ टोकांच्या ताऱ्याचा आहे. असा तारा एका साध्या नियमातून निघतो: चौरस मध्यबिंदूभोवती फिरवत जायचा. घरीच करून पाहा. पुठ्ठ्याचा चौरस कापा, मधोमध टाचणी टोचा, कडा गिरवा. मग २२.५ अंश फिरवून पुन्हा गिरवा. असं एकूण चार वेळा. कोनमापक नसेल तर कागदाचा काटकोन दोनदा निम्मा दुमडा. आता टोकं मोजा. (प्रत्यक्ष मंदिरात ती कमी भरतील, कारण मंडपाला लागलेली बाजू झाकलेली असते.)

ठरलेला नियम, ठरलेल्या वेळा. अल्गोरिदम म्हणतात तो हाच. संगणक हा तारा क्षणात काढतो. अशा वास्तूशेजारी नवं बांधकाम करायचं असेल, तर उंची-रुंदी बदलून ढीगभर पर्यायही देतो. त्यातला कुठला शोभेल, ते माणसानंच बघायचं. माझ्या मते खरं कौतुक आराखड्याचं नाहीच. तोच तारा दगडात, थरावर थर, न चुकता वर नेला, त्या हातांचं आहे.