शेपटीविना विमान, निकेलविना इंजिन

विमानाला शेपटी कशासाठी असते? उडताना नाक वर-खाली होऊ लागलं किंवा डावी-उजवीकडे भरकटू लागलं, की शेपटीवरचे आडवे-उभे पृष्ठभाग ते पुन्हा सरळ करतात. पण ही शेपटी आणि तिला धरून ठेवणारं लांबलचक धड विमान उचलून धरण्याच्या कामात फारशी मदत करत नाहीत, हवेचा विरोध मात्र वाढवतात. मग नुसता पंखच का उडवू नये? वाल्टर आणि राइमार होर्टेन या जर्मन भावांनी या एका प्रश्नाचा ध्यास घेतला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानबांधणीवर बंधनं आली होती, त्यामुळे त्यांची पिढी ग्लायडरवर वाढली. इंजिनच नसेल तर हवेचा विरोध कमी करण्याला किती मोल येतं, हे या मुलांना अनुभवाने कळलेलं होतं.

शेपटीचं काम त्यांनी पंखावरच सोपवलं. पंख मागे झुकवले आणि टोकांकडे किंचित पिळले. टोकं गुरुत्वमध्याच्या मागे येतात आणि विमानाचा तोल सावरतात. वळण्यासाठी टोकाजवळ छोट्या झडपा होत्या. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूची झडप उघडली की तिथे विरोध वाढतो आणि नाक तिकडे फिरतं. कागदावर हे सोपं वाटतं, पण शेपटीविना विमान डावी-उजवीकडे डुलत राहतं आणि ती खोड पूर्णपणे मोडणं फार अवघड असतं.

१९४३ मध्ये नाझी जर्मनीच्या हवाई दलाचा प्रमुख हर्मान गोअरिंगने १००० किलो बॉम्ब १००० किलोमीटरपर्यंत ताशी १००० किलोमीटर वेगाने नेणारं विमान मागितलं. पंख्याच्या इंजिनाला हा वेग शक्य नव्हता, जेट इंजिन लागणार होतं. होर्टेन बंधूंनी मधला सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि पंख लाकडी प्लायवुडचे, अशी रचना केली. १ मार्च १९४४ रोजी त्याचं इंजिनविरहित रूप ग्योटिंगेन इथे उडालं आणि चांगलं उडालं.

अडचण इंजिनाची होती, आणि मला या कथेत सर्वांत विलक्षण वाटतं ते हे इंजिनच. आन्सेल्म फ्रांझने युंकर्स कंपनीत घडवलेल्या युमो ००४ मध्ये आठ टप्प्यांचा काँप्रेसर हवा दाबायचा, सहा ज्वलनकक्षांत इंधन जळायचं आणि तप्त वायू टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक, फिरवायचा. टर्बाइनची पाती लालबुंद तापतात आणि त्याच वेळी प्रचंड वेगाने गरगरतात. हा ताण सोसायला निकेल आणि कोबाल्ट असलेले मिश्रधातू लागतात. युद्धात जर्मनीकडे नेमके तेच अपुरे होते. फ्रांझने ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे करून त्यांवर ॲल्युमिनियमचा थर चढवला आणि टर्बाइनची पाती पोकळ करून आतून थंड हवा खेळवली. पात्यांत हवा खेळवायची युक्ती आजच्या प्रवासी विमानांच्या इंजिनांतही वापरतात. तरीही युमोचं आयुष्य जेमतेम १० ते २५ तासांचं होतं. वैमानिकाने थ्रॉटल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा दांडा, झटकन पुढे सारला तर इंजिन अतितप्त व्हायचं किंवा विझायचं. ही इंजिनं बनवण्यासाठी नॉर्डहाउसेनजवळच्या डोंगरातल्या बोगद्यांत परदेशी मजुरांना सक्तीने राबवलं गेलं, हेही या तंत्रज्ञानाच्या इतिहासातून वगळता येत नाही.

होर्टेनच्या विमानासाठी आधी बीएमडब्ल्यूचं इंजिन ठरलं होतं. ते मिळालं नाही. युमो त्याहून जाड निघालं, म्हणून पंखाचा मधला भाग नव्याने आखावा लागला. जेट इंजिनासह पहिलं उड्डाण झालं ते थेट फेब्रुवारी १९४५ मध्ये, बर्लिनजवळच्या ओरानियेनबुर्ग इथे. १८ फेब्रुवारीला उड्डाणात एक इंजिन बंद पडलं, विमान कोसळलं आणि वैमानिक एर्विन झिलर मरण पावला. एप्रिलमध्ये अमेरिकी सैन्याला फ्रीडरिखरोडा इथे तिसरं, अर्धवट बांधलेलं विमान सापडलं. ते आता वॉशिंग्टनजवळ स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

या विमानाला हल्ली सर्रास ‘पहिलं स्टेल्थ विमान’, म्हणजे रडारला सहजी न दिसणारं विमान, म्हणतात. रडारलहरी शोषल्या जाव्यात म्हणून प्लायवुडच्या सरसात कोळशाची पूड घालायची योजना होती, असं राइमारने युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं. संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी मूळ विमानाचं लाकूड आणि सरस तपासले, तेव्हा कोळशाच्या पुडीचा पुरावा मिळाला नाही. शेपटी नसल्याने आणि अंग लाकडी असल्याने रडारवर ते थोडं कमी दिसलं असतं इतकंच. पण पंखाच्या पुढच्या कडेला इंजिनांची दोन उघडी तोंडं होती, आणि आत फिरणाऱ्या काँप्रेसरची धातूची पाती रडारलहरी सरळ परत पाठवतात.