बागेतला गुरखा आणि बॅनरचा घोळ

देवगडकडच्या आमच्या वाडीत यंदा मोहोर फुटायच्या तोंडावर एक म्हातारा नेपाळी राखणदार गेला. चाळीसेक वर्षं हापूसच्या कलमांत काढलेला माणूस, त्याआधी भारतीय सैन्यात, पेन्शनर. पोरांनी वर्गणी काढून तिठ्यावर बॅनर लावला, 'आमचे लाडके गुरखाकाका यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. दोन दिवसांनी नेपाळहून पोचलेला त्याचा मुलगा त्या बॅनरसमोर बराच वेळ उभा राहिला आणि हिंदीत एवढंच म्हणाला, की बाबांना नाव होतं. खरं सांगायचं तर ते नाव अर्ध्या वाडीला माहीतच नव्हतं, माझ्या वडलांच्या जुन्या वहीतसुद्धा पगाराच्या रकान्यात नुसतं 'गुरखा' आहे. तिथून वाद पेटला आणि जो तो काहीबाही बोलायला लागला, म्हणून मागचं थोडं लिहून ठेवतो.

आधी तो शब्द, कारण सगळा घोळ त्यातच आहे. गोरखा हे काठमांडूच्या पश्चिमेचं डोंगरातलं गाव. तिथल्या राजाने १७६८-६९ मध्ये काठमांडूचं खोरं घेतलं नि आजचा नेपाळ आकाराला यायला लागला. पुढे इंग्रजांशी युद्ध झालं, आणि ते संपायच्या आतच, १८१५ मध्ये, ज्यांच्याशी लढत होते त्यांच्याच माणसांच्या पलटणी इंग्रजांनी उभ्या केल्या. त्यांच्या तोंडात गोरख्याचं गुर्खा झालं आणि आपण त्याचा गुरखा केला. पण गोरखा ही कुठली एक जात नाही, पलटणीत मगर, गुरुंग, राई, लिंबू, ठकुरी, छेत्री असे सगळे, भाषा वेगळ्या, देव वेगळे. आपण सह्याद्रीपलीकडच्या झाडून सगळ्यांना घाटी म्हणतो ना, तसलाच प्रकार. स्वातंत्र्यानंतर सैन्याने इंग्रजी स्पेलिंगसुद्धा बदलून गोरखा करून घेतलं, मराठीत मात्र गुरखा तो गुरखाच राहिला, आणि त्याचा अर्थ काय, तर शिट्टी, दंडुका नि महिन्याच्या एक तारखेला दारात उभा राहून वीस रुपये मागणारा. पलटणीचं नाव सोसायटीच्या गेटवर येऊन बसलं. बॅनरवाली पोरं म्हणतात आम्ही प्रेमाने म्हणायचो. म्हणत असतील, मीही म्हणायचो. पण आपला एखादा सुभेदार मुंबईत वॉचमनकी करत वारला आणि खाली नुसतं 'आमचा मराठा' लिहिलं तर चालेल काय आपल्याला?

आणि त्याच्या गावात त्याला वेगळंच म्हणायचे, लाहुरे. हा शब्द मला त्यानेच सांगितला, मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपीच्या, पुढ्यात बसून खुकरीने बांबूची चिवाटी सोलता सोलता. पूर्वी नेपाळातली माणसं शिखांच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जायची, लाहोरला गेला तो लाहुरे. लाहोर राहिलं बाजूला, आता बाहेर जाऊन पैसे पाठवणारा कोणीही लाहुरेच. म्हणजे सरळ आपला चाकरमानीच की! तीच मनीऑर्डर, तीच ट्रंक, सणाला घरी येणं पण तेच. आता २०२५ च्या गणपतीआधी 'चाकरमानी' नको, 'कोकणवासीय' म्हणा असं वरून ठरलं, त्यात चाकर आहे म्हणून अपमान वाटतो म्हणे. आपल्याला एक शब्द टोचला तर सरकारी कागद बदलतो आणि दुसऱ्याला टोचला तर आपण प्रेम दाखवतो.

वादात एका आजोबांनी वेगळाच मुद्दा काढला, की हे लोक इंग्रजांचे लाडके, १८५७ ला दिल्लीत त्यांच्याच बाजूने होते. ते खरं आहे. पण त्याच लाडाची दुसरी बाजू कोकणातच घडलीय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी 'लढवय्या जाती' नावाचं खूळ काढलं, अमके जन्मजात लढवय्ये, तमके नाहीत. त्यात गोरखे वर गेले आणि कोकणातले महार, ज्यांच्या पिढ्या मुंबईच्या फौजेत गेल्या होत्या, त्यांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. दापोलीत पेन्शनर शिपायांची वस्ती होती, तिथल्यांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला की आम्हाला परत घ्या. तेव्हा लाडका कोण नि नावडता कोण हे ठरवणारा टेबलाच्या पलीकडचा होता, शिपायाला कोणी विचारलं नव्हतं.

विचारलं ते १९४७ ला, म्हणजे थोडंफार. नोव्हेंबरात भारत, ब्रिटन आणि नेपाळचा करार झाला, दहा गोरखा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. त्या चारांतल्या जवानांना कुठे जायचं ते निवडायला दिलं तर बऱ्याच जणांनी भारत निवडला, त्यांच्यासाठी जानेवारी १९४८ मध्ये अकरावी गोरखा रेजिमेंट उभी केली. मग १९५० चा भारत-नेपाळ तह, ज्याच्यामुळे नेपाळी माणूस इथे राहू शकतो, काम करू शकतो. मत देऊ शकत नाही. आणि शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन मिळत नाही हा नियम तर आपल्यालाही आहे, तेव्हा चाळीस वर्षं ज्या कलमांना खत घातलं त्यांच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव यायचा प्रश्नच नव्हता.

आमचा म्हातारा गोरखपूरला भरती झालेला, पाचवी गोरखा. १९७१ च्या युद्धात, डिसेंबरात, त्याची पलटण हेलिकॉप्टरने आताच्या बांगलादेशातल्या सिल्हेटला उतरली. त्याबद्दल तो फार बोलायचा नाही, थंडी होती आणि खायला नव्हतं एवढंच. पंधरा वर्षांची नोकरी झाली, नाईक या हुद्द्यावर पेन्शनीत आला, पेन्शन तुटपुंजी, मग मुंबईत दादरला एका बिल्डिंगच्या गेटवर. तिथे आमचे चाकरमानी काका राहायचे, त्यांनी त्याला बागेत आणला, १९८३ किंवा ८४ असेल.

तेव्हा तो एकटाच. १९९० ला रोजगार हमीतून फळबागेची योजना आली, पूर्ण अनुदान, आणि ज्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गवत कापायचो तिथे सुरुंग लावून खड्डे मारून कलमं उभी राहिली. बागा वाढल्या आणि राखणीला माणूस मिळेना, कारण आपली पोरं मुंबईत. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्यानंतर तर नेपाळी टोळ्याच यायला लागल्या, फवारणीला, वानर हाकवायला, झेल्याने, म्हणजे काठीच्या जाळीने, आंबा काढायला, आणि बंदरावर ट्रॉलरवर खलाशी म्हणून. आज देवगड, रत्नागिरी, हर्णै कुठेही जा, जून-जुलैची मासेमारी बंदी लागली की स्टेशनवर त्यांचीच गर्दी. नवीन आलेल्यांना म्हाताराच घेऊन बसायचा. पगार आधी ठरवून घ्या, उचल घेऊ नका, साप निघाला तर चप्पल घालून पळा.

दर नोव्हेंबरला मात्र तो इस्त्रीचा शर्ट आणि मेडलं लावून हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचा. कागद खताच्या पिशवीत गुंडाळलेले. तिथल्या बाईंनी एकदा विचारलं, नाईक म्हणजे कुठले नाईक? वेंगुर्ल्याचे काय? तो हसून म्हणाला, नाही मॅडम, फौजेचे.

२०२२ ला सैन्यात अग्निपथ योजना आली, चार वर्षांची भरती, त्यातले पाव टिकणार. नेपाळचं म्हणणं पडलं की हे १९४७ च्या करारात बसत नाही, आणि तिकडची भरती जी थांबलीय ती थांबलेलीच. म्हाताऱ्याचा नातू तयारी करत होता, डोंगरावरून दगडाची टोपली पाठीला बांधून धावायचा. तो आता आमच्याच बंदरात ट्रॉलरवर जाळी ओढतो. आजोबाच्या अग्नीला तोच होता, बाप पोचेपर्यंत.

तर बॅनर बदलला. पोरांनी मुलाकडून नाव लिहून घेतलं, डिस्चार्ज बुकावरून हुद्दा घेतला आणि प्रिंटिंगवाल्याला पाठवला. त्याने आपल्या अकलेने हुद्दा नावाच्या शेवटी टाकला, आडनाव समजून. मुलाला विचारलं परत छापू का, तो म्हणाला राहू दे, ट्रेन आहे. आता तिठ्यावर एसटी थांबली की उतरणारे बॅनर वाचतात आणि विचारतात, हे नाईक खंयचे?